शेत, शिवार आणि शेजार

जबलपूरच्या जुन्या शहरातील दीक्षितपुऱ्यात, अरुंद गल्ल्यांमध्ये आणि भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांमध्ये, आजही मराठी कानावर पडते. नर्मदेच्या या खोऱ्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. कचेरी, शाळा, रेल्वे, १९०४ मध्ये उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना अशा नाना निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे आली आणि रुजली. भाषा टिकली, सणवार टिकले. मूळ गावातील शेत मात्र पुष्कळांच्या बाबतीत सातबाऱ्यावरील एका नावापुरते उरले.

अशा घरातील गृहस्थ नोकरीतून निवृत्त होतो. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते आणि मनात एक जुनी इच्छा डोके वर काढते. पाटण, शहापुरा किंवा सिहोरा बाजूच्या एखाद्या गावात दोन-चार एकर जमीन घ्यावी, एक लहानसे घर बांधावे, चार आंब्याची झाडे लावावीत, सुटीत नातवंडांना घेऊन जावे. पैसा सुरक्षित राहील, जागा बदलेल, हवा बदलेल. राहणे, गुंतवणे आणि हिंडणे या तिन्ही गोष्टी एकाच खरेदीखतात साधतील, असा हा हिशेब असतो. इच्छा चांगली आहे, यात शंका नाही. परंतु हिशेबाचा क्रम बहुधा उलटा लागतो. पैसा प्रथम जातो, प्रवास कधीमधी घडतो आणि राहणे शेवटपर्यंत राहूनच जाते. हा क्रम बदलल्याखेरीज गावातील गुंतवणूक ना गुंतवणाऱ्याच्या हिताची ठरते, ना गावाच्या.

हवेलीचा धडा

जबलपूर परिसरातील शेतीला एक विलक्षण परंपरा आहे. जबलपूर, नरसिंहपूर आणि दमोह या जिल्ह्यांतील सपाट काळ्या जमिनीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात आणि तेथील शेतीपद्धतीलाही तेच नाव आहे. ही जमीन भारी, चिकण आणि पावसाळ्यात पाय रुतवणारी. तीत खरिपाचे पीक घेणे अवघड. तेव्हा येथील शेतकऱ्यांनी पावसाळ्यात पीक घेण्याऐवजी पाणीच साठवण्याचा मार्ग शोधला. शेताच्या चारही बाजूंना मातीचे उंच बांध घालायचे, जुलैपासून पावसाचे पाणी त्यात तुंबवून ठेवायचे आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, पेरणीची वेळ आली की ते सोडून द्यायचे. दोन-अडीच महिने पाण्याखाली राहिल्यामुळे तण कुजून जाते आणि जमिनीत इतकी ओल मुरते की गहू, हरभरा, मसूर, जवस ही रब्बीची पिके वरच्या पाण्यावाचून हाती येतात. नांगरटही फारशी करावी लागत नाही. गहू आणि हरभरा एकत्र पेरण्याची येथील चाल ‘बिर्रा’ या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीतील खरी गोम पाणी साठवण्यात नाही, ते सोडण्यात आहे. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून वाट काढत ओढ्याकडे जाते. वरच्याने वेळेपूर्वी पाणी सोडले तर खालच्याचा बांध फुटतो. खालच्याने वाट अडवली तर वरच्याची पेरणी खोळंबते. म्हणून कोणाचे पाणी कोणत्या दिवशी आणि कोणाच्या शेतातून जायचे, हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी बसून ठरवावे लागते. हा करार कोणत्याही खरेदीखतात लिहिलेला नसतो. तो बांधावर उभे राहून, वर्षानुवर्षांच्या ओळखीतून पाळला जातो. हवेलीतील शेताची किंमत त्याच्या क्षेत्रफळात जितकी असते तितकीच या न लिहिलेल्या करारात असते.

ही व्यवस्था आज बरीच विस्कटली आहे आणि तिची कारणे एकेरी नाहीत. १९६४ मध्ये जबलपूर येथे स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या कार्यामुळे या भागात सोयाबीन रुजले. याच विद्यापीठाचे ‘जेएस ३३५’ हे १९९४ चे वाण पुढे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्याही ओळखीचे झाले. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या शेतात पैसा देणारे पीक उभे राहू लागल्यावर पाणी तुंबवणार कोण? बांध सपाट झाले. कूपनलिका आल्या, बरगी धरणाच्या कालव्याचे पाणी काही भागांत पोहोचले, अनेक ठिकाणी सोयाबीनची जागा भाताने घेतली. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले, हे नाकारता येणार नाही. पण जे पाणी पूर्वी जमिनीत मुरत असे, ते आता वाहून जाऊ लागले आणि जमिनीखालचे पाणी उपसण्याकडे कल वाढला.

यात शहरातून आलेल्या खरेदीदाराची भर कशी पडते, हे पाहण्याजोगे आहे. तो दोन एकर घेतो, भोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घालतो, रस्त्याला लागून मुरूम टाकतो आणि फाटकाला कुलूप लावून शहरात परततो. त्याच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा हेतू मुळीच नसतो. परंतु पाण्याची जुनी वाट नेमकी त्याच मुरमाखाली गाडली जाते. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या शेतात पाणी साचते, तेव्हा बोलायला समोर माणूस नसतो, कुलूप असते. गावातील तंटा येथे सुरू होतो आणि त्याचे मूळ पैशात नसून अनुपस्थितीत असते.

बालीचे पाणी, जावाचा कायदा

हा प्रश्न एकट्या जबलपूरचा नाही. भातशेतीच्या गावांनी भरलेल्या इंडोनेशियात तो अधिक ठळकपणे दिसतो. तेथील बाली बेटावर ‘सुबक’ नावाच्या शेतकरी-संस्था शतकानुशतके डोंगरउतारावरील भातखाचरांना पाणी वाटून देत आल्या आहेत. प्रत्येक पाणवाट्याशी एक मंदिर जोडलेले असते आणि धान्याची देवता ‘देवी श्री’ या नावाने पुजली जाते. कोणी केव्हा लावणी करायची आणि कोणाची खाचरे केव्हा रिकामी ठेवायची, हे तेथे सामुदायिकरीत्या ठरते. २०१२ मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

१९७० च्या दशकात तेथे हरितक्रांतीचा जोर आला. मंदिराचे वेळापत्रक न पाहता प्रत्येकाने जमेल तितक्या वेळा भात घ्यावा, असा आग्रह सरकारी यंत्रणेने धरला. काही हंगामांतच पाण्याची ओढाताण झाली आणि किडीने थैमान घातले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करून दाखवून दिले की शेजारची खाचरे एकाच वेळी रिकामी राहिल्याने किडीला थारा मिळत नाही आणि एकाच वेळी सर्वांनी लावणी केली तर पाणी पुरत नाही. या दोन्हींचा मेळ सुबकचे जुने वेळापत्रक घालत असे. पुढे शेतकरी बऱ्याच अंशी त्या वेळापत्रकाकडे वळले. आज त्याच खाचरांपुढे वेगळे संकट आहे. पर्यटन वाढले, हिरव्यागार खाचरांचे दृश्य दिसावे म्हणून त्यांच्या काठावर आणि शेवटी खाचरांवरच बंगले उभे राहू लागले. ज्या दृश्यासाठी गुंतवणूकदार आला, ते दृश्य त्याच्याच गुंतवणुकीने झाकले गेले.

इंडोनेशियाच्या कायद्याने या धोक्याचा विचार फार आधी केला होता. जमिनीवरील प्रत्येक हक्काला सामाजिक कर्तव्य जोडलेले आहे, असे १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याचे सहावे कलम सांगते. शेतजमीन असणाऱ्याने ती स्वतः कसली पाहिजे, हे दहावे कलम सांगते. पूर्ण मालकीचा हक्क त्या देशाच्या नागरिकांनाच आहे. परदेशी व्यक्तीने स्थानिकाच्या नावावर जमीन घेण्याचा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो. त्यापुढे जाऊन १९६१ च्या नियमाने असे बंधन घातले की शेतजमिनीचा मालक ज्या तालुक्यासारख्या घटकात जमीन आहे तेथेच राहिला पाहिजे. तो बाहेर राहत असेल तर त्याने सहा महिन्यांत तेथे राहायला जावे किंवा जमीन तेथील रहिवाशाला द्यावी. या नियमाला पुढे काही अपवाद जोडले गेले आणि त्याची अंमलबजावणीही सर्वत्र काटेकोरपणे झाली नाही. तरीही त्यामागील विचार मोलाचा आहे. जमीन आणि माणूस यांच्यात अंतर पडले की कर्तव्य मधल्या वाटेवर गळून पडते, हे त्या नियमकर्त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडील कायद्याचा सूर

भारतात असे निवासाचे बंधन नाही. परंतु शेतजमीन ही इतर मालमत्तेसारखी नाही, हा सूर येथील अनेक कायद्यांत उमटलेला आहे. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणूनच पुष्कळ कुटुंबे शेतकरी असल्याचा दाखला टिकावा म्हणून गावाकडील एखादा एकर हातचा सोडत नाहीत. मध्य प्रदेशात अशी सरसकट अट नाही, त्यामुळे दीक्षितपुऱ्यातील नोकरदारालाही शेत घेता येते. मात्र १९५९ च्या भू-राजस्व संहितेचे १६५ वे कलम आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती बिगर-आदिवासीला घेता येत नाही. हे बंधन चुकवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर जमीन घेणे म्हणजे १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्याला, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अधिकच कडक झालेल्या त्याच्या तरतुदींना, निमंत्रण देणे होय. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांना शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही. वारसाने आलेली मात्र ते ठेवू शकतात. अमेरिकेतील मुलाने पाठवलेल्या पैशातून त्याच्याच नावे गावात शेत घ्यावे, असा बेत आखणाऱ्या पालकांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

बँकांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला २००२ चा सरफेसी कायदा थकीत कर्जाच्या तारणावर थेट कारवाईचा अधिकार देतो. पण शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. प्राप्तिकराच्या नियमांत ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या बाबतीत हद्दीपासून ८ किलोमीटरच्या पलीकडील जमिनीला ही सवलत आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर महानगरपालिका त्या वर्गात मोडते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते. या साऱ्या तरतुदी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी झाल्या. तरी त्यांच्या तळाशी एकच समज आहे. शेत म्हणजे कोणाची तरी चूल आहे आणि तिला बाजारातील इतर वस्तूंचा न्याय जसाच्या तसा लावता येत नाही.

गुंतवणुकीचे गणित

भावना बाजूला ठेवून केवळ आकडेमोड केली तरी निष्कर्ष फारसा वेगळा निघत नाही. समजा, एखाद्या निवृत्त ग्राहकाने २० लाख रुपये मुदतठेवीत ठेवले आणि व्याजदर ६.५ टक्के धरला, तर वर्षाला १ लाख ३० हजार रुपये व्याज मिळते. त्यावर नियमाप्रमाणे कर भरावा लागतो, परंतु अडीअडचणीला ठेव मोडता येते किंवा तिच्यावर कर्ज काढता येते. त्याच २० लाखांची जमीन घेतली तर सुरुवातीलाच मुद्रांक व नोंदणीचा खर्च येतो. पुढे कुंपण, राखण, जाण्यायेण्याचा खर्च. ती ‘सिकमी’ने म्हणजे रोख खंडाने कसायला दिली, तर हाती येणारी रक्कम ठेवीच्या व्याजाच्या जवळ जाईल अशी ठिकाणे फारच थोडी. म्हणजे खरेदीदाराची सारी भिस्त भाव वाढण्यावर राहते. भाव वाढतोही, पण तो कधी आणि किती वाढेल, हे सांगता येत नाही आणि आजारपणात तातडीने पैसा हवा असेल तेव्हा गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

भाव कशाने वाढतो, हेही पाहावे. जमिनीची किंमत वाढवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा दुसऱ्यांनी केलेल्या असतात. कालव्याचे पाणी आले की भाव चढतो. पण बरगीच्या जलाशयाने जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोचवली. एका गावाच्या शेताला आलेला भाव दुसऱ्या गावाने गमावलेल्या शेतातून आलेला आहे. अशा जमिनीला कुलूप लावून ती केवळ भाववाढीसाठी पडीक ठेवणे कायदेशीर असेल, शोभनीय मात्र नाही.

स्वतः शेती करण्याचा विचार असेल तर पिकाचे गणितही समजून घ्यावे लागते. जबलपूरचा हिरवा वाटाणा दूरदूर जातो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरसाठी वाटाण्याचीच निवड झाली आहे. ऑक्टोबरच्या सुमारास पेरलेला वाटाणा डिसेंबरपासून तोडणीला येतो. शेंग नाशवंत असते, तोडणीला एकाच वेळी पुष्कळ हात लागतात आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. हे सारे पेलणे ज्याचा रोजचा व्यवहार आहे त्यालाही जड जाते. रविवारी सकाळी मोटारीने येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला ते कसे जमावे?

कसणाऱ्याचे नाव

म्हणून शहरातील मालक शेत बटाईने किंवा सिकमीने देतो आणि येथेच सर्वांत मोठा अन्याय, बहुधा नकळत, घडतो. व्यवहार तोंडी असतो. आपली जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात जाईल या भीतीने मालक काहीही लिहून देत नाही. गारपीट झाली, पीक गेले, की सरकारी मदत ज्याचे नाव खसऱ्यावर आहे त्याच्या खात्यात जमा होते. बी, खत आणि घाम ज्याने घातला त्याच्या हाती काही लागत नाही. पीककर्जासाठी तो शाखेत येतो तेव्हा त्याच्यापाशी दाखवायला कागद नसतो आणि शाखाधिकाऱ्याची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले राहतात. मग तो सावकाराकडे वळतो.

यावर मार्ग उपलब्ध आहे. मध्य प्रदेशात भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्याही हिताचे रक्षण करणारा कायदा २०१६ मध्ये झाला. त्यानुसार लेखी करार केल्यास मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही आणि कसणाऱ्याला मदत, विमा व कर्ज यांवर आपला हक्क सांगता येतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही वाटेकऱ्यांना सहभागी होता येते. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे आणि वाटेकरी शेतकरीही त्यासाठी पात्र धरले जातात. अडते ते केवळ मालकाच्या एका सहीवर. दीक्षितपुऱ्यातील असो वा नागपूर-अमरावतीतील, ज्या ज्या घराचे शेत दुसरा कोणी कसतो, त्या घराने ही एक सही केली तरी गावातील त्यांची गुंतवणूक पैशाहून मोठी ठरेल.

आधी प्रवास, मग वास्तव्य

याचा अर्थ शहरवासीयाने गावाकडे पाठ फिरवावी असा नाही. उलट त्याने अधिक वेळा, अधिक काळासाठी आणि रिकाम्या हातांनी जावे. जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणारी सातपुड्यातील छोटी रेल्वे अनेक मराठी कुटुंबांच्या आठवणीत आहे. २०१५ मध्ये जबलपूरकडील त्या गाडीचा निरोप झाला आणि आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. वेग वाढला, अंतर घटले; वाटेतील गावे मात्र खिडकीतूनच मागे पडतात. तेथे उतरण्याची सवय पुन्हा लावून घेण्याजोगी आहे.

गावात पैसा नेण्याचा आणखी एक मार्ग पाहुणा म्हणून जाण्याचा आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मध्य प्रदेशात ओरछाजवळील लाडपुरा खास यांसारख्या गावांत गावकऱ्यांच्या स्वतःच्या घरी प्रवाशांची सोय होते. यात जमीन गावाची राहते, घर गावाचे राहते आणि पाहुण्याने दिलेला पैसा चुलीपर्यंत पोहोचतो. ज्याला केवळ मोकळी हवा आणि झाडाची सावली हवी आहे, त्याला त्यासाठी शेताची मालकी लागत नाही.

आणि ज्याला खरोखरच गावात राहावयाचे आहे, त्याने खरेदीपूर्वी एक पूर्ण वर्ष गावात खोली भाड्याने घेऊन काढावे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहते, पावसाळ्यात रस्ता कितीदा बंद होतो, रात्री-अपरात्री डॉक्टर कोठे मिळतो, वीज केव्हा येते आणि पाणी कोणाच्या शेतातून कोणाकडे जाते, हे बारा महिन्यांत आपोआप कळते. यांपैकी एकही गोष्ट खसरा, बी-१ किंवा नकाशात लिहिलेली नसते. ती कागदपत्रे तपासायची आहेतच. सीमांकन म्हणजे मोजणी आणि नामांतरण म्हणजे फेरफार, या पायऱ्या टाळून चालणार नाही. परंतु कागद जमिनीची ओळख देतो, गावाची ओळख तेथे राहूनच होते. वर्षाच्या शेवटी इच्छा टिकून असेल तर शेत घ्यावे. ती ओसरली तर एका वर्षाच्या भाड्यात मोठे नुकसान टळले असे समजावे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. मुलीचे लग्न, घरातले आजारपण किंवा जुने कर्ज यांसाठी जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला शहरातील खरेदीदारच बरा भाव देतो; त्याला अडवले तर नुकसान शेतकऱ्याचेच होईल, असे म्हटले जाते. हे खरे आहे. शिवाय शहरातून गेलेल्या काहींनी ठिबक सिंचन, फळबाग, नवे वाण यांची जोड देऊन गावाला काही शिकवलेही आहे. म्हणूनच खरेदीला विरोध करण्याचे कारण नाही. अपेक्षा एवढीच की विकणाऱ्याची निकड संपली तरी घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे त्याने जाणावे. बांध राखावा, पाण्याची वाट मोकळी ठेवावी, शेत पडीक टाकू नये आणि कसणाऱ्याचे नाव कागदावर आणावे. यातल्या एकाही गोष्टीला फार खर्च येत नाही.

बँकेच्या कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. अधिकाऱ्यांना नोकरीच्या काळात ग्रामीण आणि निमशहरी शाखांत काम करावे लागते. बदलीचा हुकूम हाती पडतो तेव्हा घरात चिंतेचे वातावरण असते. पण दोन-तीन वर्षे गावात काढून परतलेला अधिकारी कर्जाचा अर्ज पूर्वीसारखा वाचत नाही. अर्जदाराच्या नावापुढे त्याला शेत दिसते, शेताकडे जाणारी वाट दिसते आणि यंदा पाऊस उशिरा आला होता हे आठवते. ही नजर कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. निवृत्तीनंतर गावाकडे वळू पाहणाऱ्या ग्राहकाला सल्ला देताना त्यांनी योजनांच्या माहितीबरोबर हा अनुभवही द्यावा.

दीक्षितपुऱ्यातील त्या गृहस्थाने पाटणच्या शिवारात अवश्य जावे. ऑक्टोबरच्या आरंभी गेला तर उत्तम, कारण जेथे हवेलीचे बांध अजून शिल्लक आहेत तेथे त्या सुमारास पाणी सोडण्याची वेळ होते. वरच्या बांधावरचा शेतकरी खालच्याला हाक घालतो, खालचा हात वर करतो आणि फावड्याच्या चार घावांनी पाण्याला वाट मिळते. ती हाक ओळखू येऊ लागली आणि तिला उत्तर देण्यासाठी आपण तेथे असू अशी खात्री वाटू लागली, की मग शेताचा भाव विचारायला हरकत नाही.